तेरा किलोमीटर लांब रेघ आणि दोन मीटर वायर

गोंदियाहून बालाघाटला गेले आणि तिथून बैहरच्या बाजूने पुढे निघाले की जंगलात मलाजखंड लागते. देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण ही. हिंदुस्तान कॉपरने ती १९८२ साली सुरू केली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला दूरदर्शनचे चित्र रंगीत झाले. आज गोंदियाच्या गोरेलाल चौकात एखादा मुलगा दुकानदाराकडे प्लेस्टेशनसाठी ‘चांगली एचडीएमआय’ मागतो, तेव्हा त्याच्या हातात पडते ते मुख्यतः तांबेच. केसासारखे बारीक, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. एवढ्याशा तांब्यातून आख्खे धावते चित्र कसे जाते, हे एकदा कळले की दुकानात काय मागायचे हेही आपोआप कळते.

अडचण मुळातली आहे. चित्राला लांबी-रुंदी असते आणि तारेला फक्त लांबी. म्हणून चित्र तारेत घालायचे तर आधी ते उसवावे लागते. आपल्याकडे जी पाल पद्धत आली, तिच्यात चित्राच्या ६२५ रेघा होत आणि सेकंदाला अशी २५ चित्रे जात. एका रेघेच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद येतात. तारेतून विजेचा संकेत सेकंदाला ढोबळमानाने दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. गुणाकार केला तर एका रेघेची तारेतली लांबी जवळजवळ तेरा किलोमीटर भरते. गोंदिया स्टेशनवरून आमगावच्या दिशेने रुळांलगत तार ओढत गेलो, तर साधारण निम्म्या वाटेपर्यंत फक्त एक रेघ पसरलेली असेल! आणि घरातली वायर दोन मीटरची. म्हणजे रेघेचे पहिले टोक टीव्हीत शिरून पडद्यावर उजळते, तेव्हा बाकीची रेघ अजून गेमच्या डब्यातून निघायचीच असते.

नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले ‘कॅसेटवाले’ व्हिडिओ गेम आठवा. त्यातले बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या यंत्राच्या नकला होत्या. त्या यंत्रात पूर्ण चित्र साठवायला जागाच नव्हती. त्यातली चिप मारिओची टोपी, वीट, ढग यांचे ठिपके त्या त्या क्षणी तयार करी आणि लगेच तारेत सोडून देई. पलीकडे काचेच्या ट्यूबचा तो जुना टीव्ही. त्याच्या पडद्यावर एक झोत रेघेमागून रेघ ओढत जाई आणि खालची रेघ उजळेपर्यंत वरची बरीचशी मावळलेली असे. थोडे थांबून विचार करा. डब्यात पूर्ण चित्र नाही, तारेत नाही, पडद्यावरही नाही. धावणारा मारिओ सबंध असा फक्त खेळणाऱ्याच्या नजरेत होता. मला तरी विजेच्या उपकरणांत याहून अद्भुत गोष्ट माहीत नाही.

त्या गेमसोबतची पहिली वायर अँटेनाच्या जागी लागे. छतावरच्या अँटेनाची वायर काढायची, तिथे गेमची खोचायची आणि चित्र सापडेपर्यंत चॅनल फिरवायचे. गेमच्या डब्यात एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच असे. ते चित्र आणि आवाज दोन्ही रेडिओ लहरीवर चढवी आणि टीव्ही ते पुन्हा उतरवून घेई. या चढउतारात चित्राला मुंग्या लागत, आवाजात घरघर येई. मग पिवळी, पांढरी, लाल अशी तीन पिनांची एव्ही वायर आली. पांढरी आणि लाल आवाजासाठी, चित्र एकट्या पिवळीतून. रेडिओचा वळसा संपला आणि फरक लगेच डोळ्यांना दिसला.

तरी पिवळ्या वायरीत एक जुनी गुंतागुंत उरलीच, आणि तिचे कारण सांगण्याजोगे आहे. रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा लोकांच्या घरी कृष्णधवल टीव्ही होते आणि ते निकामी होऊन चालणार नव्हते. म्हणून उजेड-अंधाराचा मूळ संकेत तसाच ठेवून त्याच्याच पोटात, सेकंदाला सुमारे ४४ लाख ३० हजार आंदोलनांच्या एका लहरीवर रंग लपवला गेला. कृष्णधवल टीव्हीने त्या लहरीकडे दुर्लक्ष करावे, रंगीत टीव्हीने ती वेचून घ्यावी. जर्मनीच्या टेलिफुंकेन कंपनीत वॉल्टर ब्रुख यांनी साठीच्या दशकात ही पाल पद्धत बसवली. वाटेत रंगात शिरलेली चूक पुसली जावी म्हणून तिच्यात रंगाच्या एका घटकाची दिशा रेघेआड उलटी केलेली असते. इतकी सुंदर तडजोड क्वचितच सापडते.

पण मिसळलेले पुन्हा निवडावे लागतेच. गोंदियाच्या राइस मिलमधले सॉर्टेक्स मशीन एकत्र वाहणाऱ्या दाण्यांतून डागी दाणे वेचते, तसे टीव्हीला त्या एका प्रवाहातून रंग वेचावा लागतो. फरक एवढाच की इथे दाण्यांच्या कडा एकमेकींत विरघळलेल्या असतात. चित्रातली बारीक नक्षी टीव्हीला रंग वाटते. बातम्या देणाऱ्याच्या चौकड्याच्या शर्टावर इंद्रधनुष्य तरळायचे ते यामुळेच. गेममध्ये लाल अक्षरांच्या कडेला बारीक ठिपके सरपटताना दिसत, तेही यामुळे.

पुढच्या वायरींनी मिसळणे कमी कमी करत नेले. एस-व्हिडिओने उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून धाडले. कंपोनंट केबलने चित्राला तीन पिना दिल्या: हिरवी, निळी, लाल. हिरवी पिन हिरवा रंग नेते असे वाटते, पण ती नेते संपूर्ण उजेड. निळ्या आणि लाल पिनेतून तो तो रंग उजेडापासून किती दूर आहे एवढेच जाते. घरात जुना प्लेस्टेशन-२ आणि कंपोनंट केबल असेल तर बाकीच्या दोन पिना काढून फक्त हिरवी ठेवून पाहा. खेळ नितळ, रेखीव, कृष्णधवल चालू राहतो. आपला डोळा उजेडाच्या बाबतीत चिकित्सक आणि रंगाच्या बाबतीत बराच उदार असतो. चित्र पाठवणाऱ्या इंजिनिअरांनी या उदारपणावर साठ वर्षे भरवसा ठेवला आहे.

एचडीएमआय २००२ साली आली आणि तारेतली वस्तूच बदलली. आता उजेडाचा चढउतार जात नाही, आकडे जातात. आजच्या प्लेस्टेशन-५ च्या ४के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला १२० चित्रे धाडायची तर दर सेकंदाला ९९ कोटींहून अधिक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला किमान २४ शून्य-एक. म्हणून एचडीएमआय २.१ च्या केबलमध्ये चार वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेवरून सेकंदाला १२०० कोटी शून्य-एक जाऊ शकतात. पुन्हा तोच गुणाकार करा. एका शून्याची किंवा एकाची तारेतली लांबी भरते जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर. जुन्या वायरीत तेरा किलोमीटरची रेघ मावत नव्हती. या वायरीत कोणत्याही क्षणी एकेका वाटेवर शंभराहून अधिक आकडे एकामागे एक धावत असतात.

प्रत्येक वाट दोन तारांच्या पिळाची असते. एका तारेवर संकेत सुलटा, दुसरीवर उलटा. शेजारी मोटर सुरू झाली, फ्रीजने उचकी दिली, तर खळबळ दोन्ही तारांवर सारखीच उठते. टीव्ही दोन्हींतला फक्त फरक वाचतो, आणि खळबळ त्या वजाबाकीत नाहीशी होते. मात्र त्या दोन तारांची लांबी काही मिलीमीटरने चुकली तर पावणेदोन सेंटीमीटरचे आकडे एकमेकांत घुसू लागतात. चांगल्या केबलची कारागिरी या ठिकाणी आहे, सोन्याच्या मुलाम्यात नाही. मुलाम्याने पिन गंजत नाही, तेवढा त्याचा उपयोग खरा. पण आकडे एकदा शाबूत पोहोचले की स्वस्त केबलचे चित्र आणि महागड्या केबलचे चित्र यांत तसूभर फरक नसतो. केबल कमी पडली तर रंग फिके होत नाहीत. पडद्यावर पांढऱ्या ठिणग्या उडतात किंवा चित्र क्षणभर काळे होते.

तेव्हा निवड अशी. प्लेस्टेशन-३ किंवा ४ आणि साधा फुल एचडी टीव्ही असेल तर खोक्यावर ‘हाय स्पीड’ लिहिलेली कोणतीही धड केबल पुरते. ४के टीव्हीला सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ घ्या. १२० साठी मात्र ‘अल्ट्रा हाय स्पीड’च हवी, आणि खोक्यावर तपासणीचे क्यूआर लेबल पाहून घ्या. नुसता ‘२.१’ हा आकडा कोणीही छापू शकतो. दोन मीटरने काम होत असेल तर पाच मीटर घेऊ नका. तांब्यात हे इवले आकडे अंतरागणिक बोथट होत जातात. अनेक टीव्हींमध्ये १२० चालणारे भोक एखादेच असते. त्याच्या शेजारी तसे लिहिलेले असते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोडही चालू करावा लागतो, नाहीतर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते.

कपाटातला जुना कॅसेटवाला गेम नव्या टीव्हीला जोडणाऱ्यांसाठी थोडे अधिक. नव्या टीव्हीला पिवळे भोक बहुधा नसते, आणि नुसती एका टोकाला पिवळी, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी वायर इथे कामाची नाही. चढउताराचे आकडे कोणीतरी करायला हवेत, आणि ते करणाऱ्या डबीला स्वतःची वीज लागते. बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या दोन डब्या मिळतात. त्यांतली एव्ही आत घेऊन एचडीएमआय बाहेर देणारी आपल्याला हवी. दुसरी याच्या नेमकी उलट. मारिओ धावेल, पण त्या गेमसोबतची बदकांवर झाडायची बंदूक चालणार नाही. ती ट्यूबच्या टीव्हीवर, त्या झोताच्या उजेडावरच नेम ओळखत होती.

आणि पावसाळ्यात पूर्व विदर्भात विजा कडकडू लागल्या की गेमचे आणि टीव्हीचे प्लग सॉकेटमधून काढा, सोबत डिशची वायरही. छतावरून आत शिरलेला धक्का सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्याच तांब्याने टीव्हीपर्यंत आणि तिथून गेमपर्यंत पोहोचतो, आणि जळालेले ते भोक दुरुस्त करायचे तर आतला आख्खा बोर्ड उतरवावा लागतो.