मासे नंतर, पाणी आधी

कोलकात्यात मत्स्यालये बसवून देण्याचा आणि सांभाळण्याचा छोटा व्यवसाय करायचा असेल, तर एस्प्लनेड ही सोयीची जागा आहे. स्थानिक लोक या भागाला धर्मतला म्हणतात. इथे मेट्रोचे मार्ग एकमेकांना मिळतात. मार्च 2024 पासून हुगळीच्या पात्राखालून हावड्याची गाडीही इथवर येते. आजूबाजूला कार्यालये, हॉटेले, दवाखाने खच्चून भरलेले आहेत. दर्शनी भागात माशांची टाकी असावी असे अनेकांना वाटते, पण ती सांभाळायला वेळ कुणाकडे नसतो. आपला धंदा तिथे आहे. मासे एकदाच विकले जातात, देखभालीचे पैसे मात्र दरमहा येतात.

गिऱ्हाईक शोधण्याआधी घरी एक टाकी चालवून पाहा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घ्या. तिच्यात साधारण 56 लिटर पाणी मावते. खूप लहान टाकी सोपी वाटते, पण थोड्या पाण्यात बिघाड लवकर होतो आणि सावरायला वेळच मिळत नाही.

आता या धंद्याचे मर्म. माशांच्या विष्ठेतून, श्वासातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच निरुपद्रवी असते. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात, तळाच्या खड्यांत वस्ती करतात. नव्या टाकीत ते नसतातच म्हटले तरी चालेल.

म्हणून नवी टाकी भरा, फिल्टर चालू करा, रोज चिमूटभर खाद्य टाका आणि मासे न सोडता थांबा. खाद्य कुजून अमोनिया होतो, त्यावर जीवाणू वाढतात. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीचे किट जवळ ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार झाली असे समजा. नवे व्यावसायिक सर्वाधिक तोंडघशी पडतात ते इथेच. सकाळी टाकी बसवायची, संध्याकाळी वीस मासे सोडायचे, आणि आठवड्याभरात गिऱ्हाइकाचा फोन. मग दोष माशांच्या जातीला दिला जातो.

गिऱ्हाईक महिनाभर रिकाम्या टाकीकडे बघायला तयार नसते, हेही खरे. त्यावर उपाय आहे. आपल्या घरच्या जुन्या टाकीत चार-पाच जास्तीचे स्पंज कायम चालू ठेवा. नवी टाकी बसवताना त्यातला एक ओला स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून न्या आणि नव्या फिल्टरमध्ये बसवा. जीवाणूंची तयार वस्तीच आपण नेलेली असते, त्यामुळे प्रतीक्षा बरीच कमी होते. तरीही सुरुवातीला तीन-चारच मासे सोडा आणि किटने पाहत राहा. असे स्पंज हेच या व्यवसायातले खरे भांडवल आहे, असे मी म्हणेन.

माल आणायचा तो गॅलिफ स्ट्रीटहून. बागबाजारजवळ दर रविवारी भरणारा हा बाजार मासे, पक्षी आणि रोपट्यांसाठी प्रसिद्ध आहे. एस्प्लनेडहून मेट्रोने श्यामबाजारला उतरा. तिथून तो जवळच आहे. हावडा आणि दक्षिण 24 परगणा या जिल्ह्यांतल्या गावांमध्ये घराच्या परसात हौदांतून गप्पी, मॉली, प्लॅटी, एंजल यांची पैदास होते. कोलकात्याच्या बाजाराला मोठा पुरवठा तिथून होतो. दिवे, टायमर, वायरी यांसाठी मात्र एस्प्लनेडला लागूनच असलेला चांदनी चौक बरा.

बाजारात मासा निवडताना त्याचा रंग शेवटी पाहा. पर उघडे आहेत का, श्वास संथ आहे का, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके तर नाहीत ना, हे आधी बघा. ठिपके दिसले तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका, दिसायला कितीही ठणठणीत असला तरी. परतताना टॅक्सी करा. गर्दीत पिशव्या दाबल्या जातात.

आणलेले मासे थेट गिऱ्हाइकाकडे नेऊ नका. वेगळ्या टाकीत त्यांना निदान दोन आठवडे ठेवा. रोग लपलेला असेल तर तो या काळात बाहेर येतो. या टाकीची जाळी आणि नळी दुसरीकडे वापरायची नाही. घाईच्या ऑर्डरीपायी हा नियम मोडला, की एका पिशवीतला रोग पाच गिऱ्हाइकांकडे पोचतो.

गिऱ्हाइकाच्या जागी आधी जमीन आणि टेबल बघा. दोन फुटी टाकी पाणी, काच, खडे धरून सत्तर किलोच्या आसपास जाते. ऊन थेट पडत असेल तर शेवाळ आवरत नाही. पाणी कुठून येते तेही विचारा. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते. ते हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट टाकून काढावे लागते. जुन्या इमारतींत बोअरचे पाणी मिसळलेले असू शकते, आणि त्यात लोह किंवा क्षार जास्त असू शकतात. त्याचीही तपासणी करा.

दोन फुटी टाकीत आठ-दहा गप्पी किंवा तेवढेच छोटे टेट्रा पुरेत. गोल्डफिश मागणारे पुष्कळ भेटतील. तो मोठा होतो आणि पाणी फार लवकर घाण करतो, हे त्यांना समजावून सांगा. 'काच साफ करतो' म्हणून विकला जाणारा सकर तर फूटभराहून लांब वाढतो. पुढे तो कुणाला नकोसा होतो आणि तलावात सोडला जातो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात आणि आपल्याकडे उजनीत सकरने मच्छीमारांना त्रास दिला आहे. तेव्हा नको झालेला मासा परत घेण्याची हमी आपणच द्या. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना कायद्याने संरक्षण आहे; कुणी आणून देतो म्हणाला तरी त्या वाटेला जाऊ नका.

देखभालीची फेरी आठवड्याला किंवा पंधरवड्याला. आधी नळीने तळातली घाण ओढत पंचवीस टक्के पाणी बादलीत काढा. त्याच बादलीत फिल्टरचा स्पंज दोन-तीनदा पिळा. पाणी चहासारखे तपकिरी होईल, तेवढे पुरे. स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र करण्याचा मोह आवरा, कारण क्लोरीनने जीवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. मग साधारण त्याच तापमानाचे, क्लोरीन काढलेले पाणी हळूहळू भरा. विजेच्या वायरीला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जात नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळे बंद करा.

दर ठरवताना फेरीला लागणारा वेळ, प्रवास, औषधे आणि मेलेल्या माशांचा खर्च धरा. करार लेखी असू द्या: किती फेऱ्या, खाद्य कुणाचे, मासा मेला तर जबाबदारी कुणाची. व्यापार परवाना कोलकाता महानगरपालिकेकडून घ्यावा लागतो. तिचे मुख्यालय एस्प्लनेडपासून चालत जाण्याजोगे, एस. एन. बॅनर्जी रोडवर आहे. पुढे स्वतः पैदास करायची झाल्यास 2020 मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेची चौकशी करा. परसातल्या युनिटसाठी 3 लाख रुपये खर्च धरून त्यावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के साहाय्य ठेवलेले होते.

ऋतूंचेही पाहावे लागते. मे महिन्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, तेव्हा हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा. कालबैशाखीच्या वादळात वीज जाते, म्हणून बॅटरीवरचा पंप देऊन ठेवा. जानेवारीत हीटर लागतो; लिटरमागे एक वॅट हा ढोबळ हिशेब.

दुर्गापूजेच्या सुट्टीत कार्यालये कुलूपबंद असतात, आणि काळजीपोटी रखवालदार मूठभर खाद्य टाकून मोकळा होतो. धडधाकट मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात. सुट्टीआधीची फेरी उरकून पाणी बदला, खाद्याचा डबा सोबत घेऊन या आणि तसे रखवालदाराला सांगून ठेवा.