लिनक्स, आर आणि ऐकीव माहिती

संख्याशास्त्राचा विद्यार्थी लिनक्सकडे वळला की पहिल्या आठवड्यातच दोन उद्योग करतो. डेस्कटॉपचे रूप मनासारखे बदलून घेतो आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला ती आर भाषा बसवायला घेतो. या दोन्ही कामांभोवती ऐकीव माहितीचे रान माजले आहे. त्यातले समज अगदीच हवेतले नाहीत. कोणाला तरी खरोखर अडचण आली, त्याने काहीतरी करून पाहिले, योगायोगाने ती सुटली आणि तो उपाय नियम म्हणून पसरला. घोळ होतो तो बहुतेक वेळा एकाच जागी: पडद्याचे रूप, ऑपरेटिंग सिस्टीम, आर, तिची पॅकेजेस आणि कोड लिहिण्याचे साधन हे लिनक्सवर सुटे सुटे भाग असतात, आणि एकाचे खापर दुसऱ्यावर फुटते.

डेस्कटॉपशी खेळताना तो बिघडला, तर लिनक्स नव्याने बसवण्यावाचून इलाज नाही.

पासवर्ड टाकावा, पडदा क्षणभर काळा व्हावा आणि पुन्हा पासवर्डच विचारला जावा. हे पाहून संगणक गेला असे कोणालाही वाटेल. पण कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरी कन्सोल उघडला आणि तिथे लॉगइन झाले, तर ऑपरेटिंग सिस्टीम जागेवर आहे. डिस्क पूर्ण भरलेली नाही आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नुकताच बदललेला नाही एवढे पाहून घेतले, की संशय उरतो तो वापरकर्त्याच्या सेटिंग्जवर. या सेटिंग्ज होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइल्समध्ये असतात. ग्नोम या डेस्कटॉपच्या बहुतेक निवडी तर डीकॉन्फच्या एकाच फाइलमध्ये मावतात. खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे दुसरे नवे खाते उघडणे. नव्या खात्यात डेस्कटॉप नीट आला, तर जुन्या खात्यातली ती फाइल बाजूला सरकवली की पुरते. ग्नोमला जोडलेले एखादे एक्स्टेन्शन बंद पडले तर दोष नेहमी वापरणाऱ्याचा नसतो, हेही ध्यानात घ्यावे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ग्नोम ४५ ने एक्स्टेन्शन लोड करण्याची पद्धतच बदलली आणि जुने प्रत्येक एक्स्टेन्शन नव्याने जुळवून घ्यावे लागले.

थीम म्हणजे नुसते रंग आणि चित्रे. कुठूनही उतरवली तरी बिघडत नाही.

हा भित्यांचा नव्हे, बेफिकिरांचा समज. वॉलपेपर आणि आयकॉन यांच्यापुरता तो बराचसा खरा आहे, म्हणूनच पटतो. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपच्या ‘ग्लोबल थीम’मध्ये मात्र विजेट्स आणि स्क्रिप्ट असू शकतात, आणि त्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतात. मार्च २०२४ मध्ये केडीईच्याच स्टोअरमधून घेतलेल्या एका ग्लोबल थीमने एका वापरकर्त्याच्या फाइल्स पुसून टाकल्या आणि केडीईला जाहीर सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. प्रशासकाचा पासवर्ड दिलेला नव्हता, मग धोका कसला, हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. प्रबंधाचा डेटा असतो तो होम फोल्डरमध्येच, आणि तिथले काही पुसायला तो पासवर्ड लागत नाही.

हलका डेस्कटॉप घेतला की आर वेगाने चालते.

ग्नोम सोडून एक्सएफसीई घेतलेल्यांना फरक जाणवतो, तो भास नसतो. आर आपला डेटा साधारणपणे रॅममध्ये ठेवते. एक दशांश संख्या ८ बाइट घेते. एक कोटी ओळी आणि दहा रकाने म्हणजे ८०० एमबी, आणि मधल्या पायऱ्यांत त्याच्या प्रती झाल्या की त्याच्या दुप्पट-तिप्पट. चार जीबीच्या लॅपटॉपवर डेस्कटॉपने कमी रॅम खाल्ली तर काम अडकत नाही. पण अडकणे टळले म्हणजे गणित वेगाने झाले असे नव्हे. रॅम पुरेशी असलेल्या संगणकावर डेस्कटॉप बदलून रिग्रेशनचे उत्तर लवकर येत नाही. वेगात खरा फरक पाडणारी गोष्ट फारशी कोणी पाहत नाही: मॅट्रिक्सची आकडेमोड करणारी ब्लास ही लायब्ररी. मूळ नमुन्याची ब्लास एकाच कोअरवर संथपणे चालते. उबंटू आणि डेबियनवर तिच्या जागी ओपनब्लास बसवता येते, आर पुन्हा बसवावी लागत नाही, आणि मोठ्या मॅट्रिक्सचे गुणाकार कित्येक पटींनी लवकर होतात. सध्या कोणती ब्लास वापरात आहे ते आरमधली सेशनइन्फो ही आज्ञा सांगते. कोडमध्ये लांबलचक लूप असतील तर मात्र ओपनब्लासही काही करू शकत नाही.

आरस्टुडिओ बसवला म्हणजे आर बसली.

आर ही भाषा वेगळी, तिच्यात कोड लिहिण्याचे साधन असलेला आरस्टुडिओ वेगळा. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेल्या आरची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आरस्टुडिओ आला २०११ मध्ये, म्हणजे मधली वर्षे लोक त्याच्याविना काम करतच होते. वर्गात पहिल्या दिवसापासून आरस्टुडिओची खिडकीच दिसते, त्यामुळे तीच आर वाटू लागते. आधी आर बसवावी, मग आरस्टुडिओ.

संगणक ‘सर्व काही अद्ययावत आहे’ म्हणतो, म्हणजे आरही ताजीच आहे.

संगणक खोटे बोलत नाही, पण तो बोलतो ते स्वतःच्या साठ्याबद्दल. उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीत सॉफ्टवेअर एका टप्प्यावर गोठवले जाते आणि पुढे मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. उबंटू २२.०४ बाहेर आले २१ एप्रिल २०२२ रोजी, आर ४.१.२ घेऊन. दुसऱ्याच दिवशी आर ४.२.० प्रसिद्ध झाली! ते उबंटू वापरणारा वर्षानुवर्षे ‘अद्ययावत’ राहिला तरी त्याची आर ४.१.२ च राहते. मग एखादे पॅकेज ‘आरच्या या आवृत्तीसाठी उपलब्ध नाही’ असा संदेश येतो आणि पॅकेजच बंद पडल्याची आवई उठते. मॅट्रिक्स या पायाभूत पॅकेजच्या १.७ आवृत्तीला आर ४.४ लागते, आणि त्याच्यावर अवलंबून असणारी पॅकेजेस कमी नाहीत. उपाय साधा आहे: आरच्या पॅकेजेसचे भांडार असलेले क्रॅन उबंटूसाठी स्वतःची रिपॉझिटरी चालवते, ती जोडून घ्यावी. आर ४.१ वरून ४.४ वर गेल्यावर आधीची पॅकेजेस ‘गायब’ होतात तेव्हा घाबरू नये. वैयक्तिक पॅकेजेसचा फोल्डर आवृत्तीनुसार वेगळा असतो. जुनी पॅकेजेस जुन्या फोल्डरमध्ये आहेत, ती नव्या आरसाठी पुन्हा बसवायची असतात.

पॅकेज बसत नाही, म्हणजे आरच बिघडली. काढून पुन्हा बसवावी.

सर्वांत जास्त वेळ खाणारा समज हाच. टायडीव्हर्स हा पॅकेजेसचा संच बसवायला घेतला की पडद्यावर शेकडो ओळी धावतात आणि शेवटी ‘नॉन-झिरो एक्झिट स्टेटस’ असे शब्द उरतात. वाचणारा शेवटची ओळ वाचतो आणि त्या ओळीत कारण नसतेच. विंडोज आणि मॅकसाठी क्रॅन तयार पॅकेजेस देते. लिनक्सवर तिथून मूळ कोड येतो आणि तो आपल्याच संगणकावर कंपाइल होतो. विंडोजवर मित्राचे तेच पॅकेज मिनिटभरात बसले, मग इथे आरच खराब, हा निष्कर्ष त्यातूनच निघतो.

कारण सापडते ते थोडे वर सरकल्यावर. एक्सएमएल२ हे पॅकेज अडले, तर त्याच्या संदेशात डेबियन-उबंटूसाठी ‘लिबएक्सएमएल२-डेव्ह’ बसवा असे स्पष्ट लिहिलेले असते. यावर नेहमीचे उत्तर असते, ‘पण लिबएक्सएमएल२ तर आधीच आहे.’ असतेच. प्रोग्राम चालवायला ती लायब्ररी पुरते. तिच्या आधाराने नवे काही कंपाइल करायचे तर हेडर फाइल्स लागतात, आणि त्या ‘डेव्ह’ शेपटीच्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात. आर दहा वेळा काढून बसवली तरी त्या येणार नाहीत. कंपाइल करणेच टाळायचे तर उबंटूच्या साठ्यातली ‘आर-क्रॅन’ने सुरू होणारी पॅकेजेस आहेत, उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांसाठी आरटूयू हा तयार पॅकेजेसचा साठा आहे, आरस्टुडिओ बनवणाऱ्या पॉझिटची सार्वजनिक रिपॉझिटरीही तयार पॅकेजेस देते.

परवानगी नाकारली गेली की सुडो लावून आर चालवावी.

सुडो ही आज्ञा प्रशासकाचे अधिकार देते आणि काम होते, म्हणून हा सल्ला टिकून आहे. पण पॅकेजच्या स्थापनेत इतरांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट चालतात, आणि सुडोने त्यांना सगळ्या संगणकाचा ताबा मिळतो. शिवाय अशी पॅकेजेस रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीची होतात आणि नंतर साध्या खात्यातून ती अद्ययावत होत नाहीत. मग पुन्हा सुडो. आर स्वतःच विचारते, वैयक्तिक लायब्ररी वापरायची का? ‘हो’ म्हणावे.

आरमध्ये मराठी चालत नाही.

विंडोजवर ज्यांनी तालुक्यांची नावे देवनागरीत भरली आणि टेबलात कंसातले यू-अधिक-आकडे पाहिले, त्यांचा अनुभव खरा होता. विंडोजवरील आरने यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची आपली मूळ पद्धत म्हणून स्वीकारली ती २०२२ च्या ४.२.० आवृत्तीत. लिनक्सवर यूटीएफ-८ त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेले आहे आणि तिथे ‘कोल्हापूर’ हे नाव रकान्यात सरळ ‘कोल्हापूर’ असेच दिसते. अडते ते आलेखांत, आणि तिथेही दोष ओळखता येतो. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन आले तर देवनागरी फॉन्ट नाही. नोटो किंवा लोहित बसवावा. पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी टिंबे आली तर आरचे जुने पीडीएफ साधन वापरले गेले आहे. त्याऐवजी कैरो पीडीएफ वापरावे. काना-मात्रा विस्कटल्या आणि जोडाक्षरे फुटली, तर चित्र रेखाटणाऱ्या साधनाला अक्षरे जुळवता येत नाहीत. कैरो किंवा रॅग पॅकेजचे पीएनजी साधन ते काम नीट करते.