राजीव चौकाची वीस वर्षं

३१ डिसेंबर २०२५ला दिल्लीच्या राजीव चौक स्थानकात मेट्रोचे दोन मार्ग एकत्र आले त्याला वीस वर्षं झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भाडं पुन्हा वाढलं. सर्वांत महाग तिकीट ६० रुपयांवरून ६४वर गेलं. चार रुपयांचं काय एवढं, असं म्हणणाऱ्यांनी हे स्थानक आधी कसं होतं ते आठवून पाहावं.

त्याआधीचं थोडक्यात. रॉबर्ट टॉर रसेलनं आखलेलं कॅनॉट प्लेस १९३०च्या दशकात उभं राहिलं. १९९५ साली त्याला राजीव गांधींचं नाव दिलं गेलं. पुढे मेट्रोसाठी मधली बाग खणली गेली. दिल्लीकर पिचकाऱ्या मारून स्थानकं रंगवतील, ज्याच्याकडे गाडी आहे तो पाताळात कशाला उतरेल, अशी भाकितं तेव्हा दिवाणखान्यांतून ऐकू येत. जुलै २००५मध्ये पिवळा मार्ग इथे पोचला आणि डिसेंबरअखेर बाराखंबा ते द्वारका हा निळा मार्ग सुरू झाला. भाकितं करणारे गप्प झाले. चुकलो, असं मात्र त्यांच्यापैकी कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

त्यानंतरचं दशक मी दिल्लीत नोकरी करत काढलं. आधी ब्लूलाइन बस होती. कंडक्टरची अरेरावी, अंगचटीला येणारे पुरुष आणि रोजच्या पेपरात त्या बसखाली सापडलेल्या माणसांच्या बातम्या. राजीव चौकात उतरले की पहिल्यांदाच या शहरात कुणी ढकललं तरी अपमान वाटत नसे, कारण सगळेच ढकलले जात होते. २००९च्या नोव्हेंबरात नोएडा जोडलं गेलं, २०१०मध्ये गुडगाव. विद्यापीठातली मुलं, करोल बागेतले दुकानातले नोकर, मंत्रालयांतले कारकून, गुडगावच्या कॉल सेंटरमधल्या मुली, सगळे याच जिन्यांवर एकमेकांना भिडत. गाड्या सुरुवातीला चार डब्यांच्या होत्या. पुढे सहा आणि आठ डबे आले, तरी संध्याकाळी फलाटावर पाय ठेवायला जागा नसे. बदरपूरहून नोएडाला जाणाऱ्यालाही केंद्रीय सचिवालयाला गाडी बदलून इथेच यावं लागे; २०१४मध्ये मंडी हाउस जोडलं गेलं तेव्हा तो भार थोडा हलका झाला.

२०१०च्या ऑक्टोबरात पहिला डबा बायकांसाठी राखीव झाला. यावर नाकं मुरडणारे पुष्कळ होते. त्यांनी ब्लूलाइनमधून एकदा तरी बाईच्या जागी उभं राहून प्रवास करायला हवा होता. त्या डब्यामुळे कितीतरी घरांनी मुलींना लांबच्या कॉलेजात आणि उशिराच्या पाळीला जाऊ दिलं. तेव्हा सर्वांत महाग तिकीट होतं ३० रुपये.

२०१७च्या मे महिन्यात ते ५० झालं आणि ऑक्टोबरात ६०. पाच महिन्यांत दुप्पट! त्यानंतर रोजच्या प्रवाशांची संख्या लाखांनी घटली. ती माणसं कुठे गेली, हे वाढ ठरवणाऱ्या समितीनं विचारलं नाही. २०१९मध्ये दिल्ली सरकारनं बायकांना मेट्रो मोफत करण्याचं ठरवलं, तेव्हा ई. श्रीधरन यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध केला. ही मेट्रो वेळेत उभी करणाऱ्या या माणसाबद्दल मला आदर आहे. पण मेट्रो फुकट नको म्हणताना ती परवडणारी कशी राहील, याची काळजी तितक्याच जोरानं कुणी वाहिली नाही. बायकांना बस मोफत झाली, मेट्रो नाही.

पुण्याच्या मेट्रोनं विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सवलत दिली आहे. दिल्लीतल्या विद्यार्थ्यांनी हीच मागणी वर्षानुवर्षं केली. मुंबईच्या लोकलमध्ये मासिक पास काढला की महिन्याचा हिशेब पहिल्याच दिवशी मिटतो. राजीव चौकाच्या प्रवाशाला तो आधार नाही. जितक्या खेपा, तितके पैसे. शहरं दूर पसरतात ती गरिबांना दूर ढकलत, आणि लांबून येणाऱ्यालाच इथे सर्वांत महाग तिकीट पडतं.

राजीव चौकात आजही गर्दी आहे, म्हणून सगळं ठीक आहे असं सांगितलं जातं. गर्दी मोजताना जे आत आलेच नाहीत ते मोजले जात नाहीत. वीस वर्षांचा उत्सव करायचाच असेल तर विद्यार्थ्यांसाठी आणि रोज ये-जा करणाऱ्या कामगारांसाठी मासिक पास सुरू करावा. हे स्थानक सार्वजनिक पैशातून झालं; त्यात उतरणं दिल्लीच्या शेवटच्या पगारदारालाही परवडलंच पाहिजे.