इंजिन बंद पडल्यावरचे उतरणे

५ मार्च २०१५ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या सँटा मोनिका विमानतळावरून उडालेले एक जुने, दोन आसनांचे विमान थोड्याच वेळात शेजारच्या पेनमार गोल्फ मैदानावर आदळले. रायन कंपनीचे हे विमान १९४२ सालचे, अमेरिकी सैन्यातील शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेले. ते चालवत होते ७२ वर्षांचे अभिनेते हॅरिसन फोर्ड. विमानात ते एकटेच होते. इंजिन बंद पडल्याचे त्यांनी रेडिओवरून कळवले आणि विमान माघारी वळवले. पण धावपट्टीपर्यंत पोहोचणे जमणार नाही हे दिसताच मैदानाची मोकळी जागा धरली. वाटेत एका झाडाचा शेंडा लागला.

इंजिन बंद पडले ते इंधन संपल्यामुळे नव्हे, उलट ते जास्त झाल्यामुळे. पेट्रोल नीट जळायला वजनाने त्याच्या साधारण १५ पट हवा लागते. कार्ब्युरेटरमधले एक बारीक छिद्राचे नळकांडे, म्हणजे मुख्य जेट, हे प्रमाण राखते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात ते आपल्या जागेवरून आटे सुटून निघालेले आढळले. बेसुमार पेट्रोल आत गेले आणि इंजिनाची ताकद गेली.

अशा वेळी मागे वळण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण धावपट्टी नुकतीच सोडलेली असते. भूमिती मात्र वैमानिकाच्या विरोधात असते. १८० अंश वळून झाल्यावर विमान धावपट्टीच्या रेषेत येत नाही, तिला समांतर पण बाजूला राहते. रेषेवर येण्यासाठी आणखी वळायचे, मग उलट वळून सरळ व्हायचे, आणि हे सगळे उंची गमावत. झटपट वळायचे तर विमान जास्त कलवावे लागते. उंची राखून ४५ अंश कलून वळणाऱ्या विमानाच्या पंखांवर वजनाच्या सुमारे १.४ पट भार येतो, ६० अंशांना दुप्पट. भार वाढला की विमान तोलून धरायला लागणारा किमान वेगही वाढतो: ४५ अंशांना सुमारे १९ टक्के, ६० अंशांना ४१ टक्के. वेग त्याखाली गेला की पंखांवरचा हवेचा प्रवाह विस्कटतो. याला स्टॉल म्हणतात. त्यात एक पंख आधी खचला तर विमान गिरकी घेते, आणि एवढ्या कमी उंचीवर सावरायला वेळ उरत नाही. म्हणूनच थोडक्या उंचीवर इंजिन गेले तर नाक खाली करून वेग राखायचा आणि समोर दिसेल त्या बऱ्या जागेत उतरायचे, असे वैमानिकांना शिकवले जाते. जागा खडबडीत असली तरी ताब्यात असलेले विमान तिथे उतरवणे गिरकीपेक्षा कितीतरी बरे.

याचे कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ६० नॉट वेगाचे विमान १० नॉट वाऱ्याच्या तोंडाशी उतरले तर जमिनीवरचा वेग ५० राहतो. तोच वारा पाठीशी असेल तर ७०. फरक २० नॉटचा, पण ऊर्जा जवळजवळ दुप्पट. आता ५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९३ किलोमीटर वेगाचे विमान एकसारखे मंदावत गेले आणि माणसाला गुरुत्वत्वरणाच्या ९ पट धक्का बसला, असे धरले, तर थांबायला चार मीटरही पुरतात. प्रत्यक्षात विमान इतके सरळ मंदावत नाही, पण चाके, पंख आणि नाक चेपताना ऊर्जा खर्च होतेच. विमान निकामी झाले तरी वैमानिक वाचू शकतो, तो यामुळे.

अट एकच: माणूस आसनाला आणि आसन विमानाच्या सांगाड्याला घट्ट बांधलेले हवे. फोर्ड यांच्या विमानाला मुळात खांद्याचे पट्टे नव्हते, ते नंतर बसवलेले. त्यांचा जोड आसनाच्या पाठीच्या पातळ पत्र्याला होता, मागे मजबुतीसाठी काही नव्हते. आदळताना तो पत्रा टिकला नाही. चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या या पट्ट्यांमुळे फोर्ड यांच्या इजा अधिक गंभीर झाल्या असाव्यात, अशी नोंद तपास अहवालात आहे.