वरणाचे पाणी नको, घोटलेले वरण द्या

अमरावती (प्रतिनिधी) : उष्टावण थाटात होते, मात्र त्यानंतर बाळाच्या वाटीत नेमके काय पडते, याकडे अनेक घरांत पुरेसे लक्ष दिले जात नाही. पचायला हलके म्हणून वरणाचे वरचे पाणी, भाताची पेज किंवा चहात बुडविलेले बिस्कीट भरविले जाते. त्याने बाळाचे पोट भरते, पोषण होत नाही. तुरीच्या डाळीशिवाय ज्यांचे जेवण होत नाही, त्या वऱ्हाडातील घरांनी हा फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

कुपोषण म्हटले की धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातील तालुके आठवतात. तेथील बालमृत्यूंमुळे १९९३ मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ६ ते २३ महिने वयाच्या केवळ सुमारे ११ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत होता. शहरांतील चित्रही फारसे निराळे नव्हते. म्हणजेच प्रश्न केवळ गरिबीचा नाही, भरविण्याच्या पद्धतीचाही आहे.

सहा महिन्यांनंतर काय बदलते?

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध पुरते. पाण्याचीही गरज नसते. त्यानंतर बाळाची गरज वाढते आणि जन्मतः मिळालेला लोहाचा साठाही संपत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्तनपानाव्यतिरिक्त ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला रोज सुमारे २००, ९ ते ११ महिन्यांत ३००, तर त्यानंतर दोन वर्षांपर्यंत ५५० कॅलरी वरच्या अन्नातून मिळायला हव्यात. आठ किलोच्या बाळाच्या जठरात मात्र एका वेळी जेमतेम पाव लिटर मावते. ही जागा पाण्याने भरली, तर अन्नाला उरत नाही. डाळीतील प्रथिने आणि लोह बहुतांशी तळाच्या गाळात राहतात, वरच्या पाण्यात नाही.

वाटीत काय असावे?

तुरीची किंवा मुगाची डाळ पाणी न काढता घोटावी. त्यात मऊ भात किंवा कुस्करलेली ज्वारीची भाकर मिसळून चमचाभर तूप अथवा तेल घालावे. चमचा तिरपा केला तरी अन्न ओघळू नये, इतके ते दाट हवे. शिजवून कुस्करलेली पालेभाजी, पूर्ण शिजलेले अंडे, भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट आलटून पालटून मिसळावे. अख्खे दाणे घशात अडकू शकतात, ते देऊ नयेत. साल व बिया काढलेला संत्र्याचा गर किंवा लिंबाचे थेंब डाळीतील लोह अंगी लागण्यास मदत करतात. चहा मात्र त्यात अडथळा आणतो. वर्षाच्या आत मध चाटवू नये.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करून आठव्या महिन्यापर्यंत २५० मिलिलिटरच्या वाटीने अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा द्यावी. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा भरवावे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत सुरू ठेवावे. जुलाब झाले तरी अन्न बंद करू नये. जलसंजीवनी द्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे.

धोका कसा ओळखावा?

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषण होय, ११.५ ते १२.५ दरम्यान असल्यास मध्यम. दोन्ही पावलांवर सूज असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. अंगणवाडीत वजन-उंची मोजली जाते, ही सोय शहरी वस्त्यांतही आहे. सलग दोन महिने वजन वाढले नाही, तर 'आमच्या घराण्यात सगळे बारीकच' असे म्हणत न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.