साखळीच्या मुलांनो, एनएसएसमध्ये नाव द्या!

साखळीच्या सरकारी कॉलेजात यंदा प्रवेश घेताय? मग राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, नाव द्याच. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर, एवढा हिशेब.

खरी मजा शिबिरात! पहाटे उठायचं, गट पाडून कामं वाटून घ्यायची. एक गट स्वयंपाकाला, एक झाडलोटीला, बाकीचे श्रमदानाला. ओहोळावर वनराई बंधारा घालायचा तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची. गच्च नाही हं, थोडी सैल, म्हणजे पोतं नीट बसतं. तोंड शिवायचं, रांगेत हातोहात पुढे द्यायचं आणि विटांसारखे सांधे चुकवून रचायचं. कालपर्यंत अनोळखी असलेली मुलं त्या रांगेत एकमेकांना हक्कानं हाका मारू लागतात. मला तर व्याख्यानांपेक्षा ही रांगच मोठी वाटते.

छातीवरच्या एनएसएसच्या बिल्ल्यात कोणार्कचं चाक असतं. त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार.

जागा मर्यादित असतात, त्यामुळे कॉलेज सुरू होताच कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा.