एका जादा फ्लॅटची पंचवीस वर्षं

नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईतल्या जवळपास प्रत्येक सोसायटीत एखाददुसरा फ्लॅट वर्षानुवर्षं बंद असायचा. मालक बँकेत नाहीतर सरकारी खात्यात नोकरीला. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून मुलासाठी घेऊन ठेवलेलं घर. विचारायला येणारे पुष्कळ, भाडंही बरं मिळालं असतं, तरी घर कुलपातच. भाडेकरू एकदा आत आला की बाहेर निघत नाही, ही धास्ती त्या पिढीच्या मनात पक्की बसली होती. आणि ती उगीच नव्हती.

१९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकलं. युद्धानंतरच्या टंचाईत सामान्य माणसाच्या डोक्यावरचं छप्पर राखणारा तो कायदा त्या वेळी हवाच होता. पण ठरावीक मुदतीसाठी केलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. गिरगाव, परळ, लालबागमधल्या इमारतींचं भाडं इतकं तुटपुंजं राहिलं की त्यातून गळकं छप्परसुद्धा बदलता येईना. अखेर १९६९मध्ये सरकारला कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं. भाडेकरारातून सुटका म्हणून मालक लिव्ह अँड लायसन्सकडे वळले, तर १९७३च्या दुरुस्तीनं १ फेब्रुवारी १९७३ रोजी घरात असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. बंद फ्लॅटांची खरी सुरुवात मी त्या तारखेपासून मानतो. कागद करूनही घर हातचं जाऊ शकतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

डिसेंबर १९९७मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, असं गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अवाजवी ठरलं आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० रोजी लागू झाला. मुंबई-पुण्याचा, विदर्भाचा आणि मराठवाड्याचा असे तीन वेगवेगळे जुने कायदे त्यानं एकत्र केले. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम ठेवलं, वर्षाला ४ टक्के भाडेवाढीला परवानगी दिली, पागडीलाही कायद्यात जागा दिली. पुढची वीस-पंचवीस वर्षं चर्चा झाली ती याचीच. एका जादा फ्लॅटच्या मालकाचं आयुष्य बदलणारी दोन कलमं मात्र कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाहीत.

पहिलं कलम २४. लायसन्सची मुदत संपली आणि राहणारा निघाला नाही, तर दिवाणी न्यायालयात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करार हा त्यातल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. दुसरं कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

इतकं स्पष्ट असूनही ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?’ असं आजही शिकले-सवरलेले लोक म्हणतात. वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, हा देशाच्या नोंदणी कायद्यातला नियम. महाराष्ट्रात २००० सालापासून त्याचा आधार उरलेला नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेणारा मालक, ज्या कायद्यानं त्याची भीती घालवली त्याच कायद्याचं संरक्षण स्वतःच्या हातानं सोडून देतो. आणि वाचवतो किती? भाडं महिना २५,००० आणि डिपॉझिट एक लाख धरू. अकरा महिन्यांचं भाडं २,७५,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज सुमारे ९,१६७. या बेरजेवर ०.२५ टक्के म्हणजे ७१० रुपये मुद्रांक शुल्क. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. आता तर सब-रजिस्ट्रारच्या दारात रांगही लावावी लागत नाही. एजंट लॅपटॉप आणि थंबचं यंत्र घेऊन घरी येतो, डायनिंग टेबलावर मांडतो, आधारशी अंगठा जुळला की फोटो काढतो. मालक, राहणारा आणि दोन साक्षीदार, चहा होईपर्यंत काम उरकतं. आजी-आजोबांच्या झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्राला पटेपर्यंत काय तो वेळ जातो.

हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं, मग खराडी आली, आणि वाकड, बाणेर, विमाननगरला भाड्याच्या घरांची मागणी अशी वाढली की बंद फ्लॅट तर उघडलेच, पण भाड्यासाठीच म्हणून दुसरा फ्लॅट घेणारी नवी पिढी तयार झाली. ‘हप्ता भाड्यातून निघेल’ हे त्या पिढीचं गणित, आणि ते तेव्हाही चुकीचं होतं. ९० लाखांच्या फ्लॅटसाठी ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता ५२,०००च्या आसपास बसतो. भाडं २५,००० म्हणजे निम्माही हप्ता निघत नाही. ही तफावत बरीच वर्षं आयकरानं झाकून ठेवली, कारण भाड्यानं दिलेल्या घराच्या कर्जावरचं सगळं व्याज पगारातून वजा करता यायचं. २०१७च्या अर्थसंकल्पानं त्या तोट्याच्या वजावटीला वर्षाला दोन लाखांची मर्यादा घातली, आणि नव्या करप्रणालीत पगारातून ही वजावट मिळतच नाही. ज्यांनी फक्त कर वाचवायला फ्लॅट घेतला होता, त्यांच्या हिशेबाचा पायाच निघाला.

कर्ज फिटलेलं आहे असं समजून पुन्हा हिशेब मांडू. वर्षात एक महिना घर रिकामं जाणारच, म्हणून भाडं २,७५,०००. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३,००० धरून ३६,०००. महापालिकेचा कर १५,००० धरू. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला नाही. ब्रोकरेज एका महिन्याचं. रंग, प्लंबर, गीझर यांचे वर्षाला सरासरी २०,०००. उरले १,७९,०००. ९० लाखांवर हे दोन टक्केसुद्धा भरत नाहीत, आणि आयकर अजून भरायचाच आहे. बँकेतली मुदत ठेवही यापेक्षा जास्त देते. घराची किंमत वाढेल या भरवशावर आपण फ्लॅट सांभाळतो, भाडं हा त्यातला लहान भाग आहे, हे ज्यानं एकदा कागदावर मांडून पाहिलं त्याचे पुढचे निर्णय सोपे होतात. दोन हजार जास्त मिळावेत म्हणून घर दोन महिने रिकामं ठेवण्याची चूक तो करत नाही.

हे सगळ्यात ठळकपणे दिसलं ते करोनात. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलायला सांगितलं. विद्यार्थी गावी गेले, आयटीतली मुलं घरून काम करू लागली. माझ्या पाहण्यातल्या ज्या मालकांनी आपणहून फोन करून भाडं कमी केलं, त्यांचे लोक टिकले. अडून बसलेल्यांच्या हाती किल्ल्या आल्या, आणि पुढचा माणूस मिळाला तो आणखी कमी भाड्यात.

चांगला माणूस टिकवणं हा छोट्या मालकाचा एकमेव मोठा फायदा आहे, आणि तोच आपण सर्रास घालवतो. ब्रोकरचा पहिला प्रश्न येतो तो आडनावाचा. मग जात, धर्म, घरात काय शिजतं, मुलगी एकटी राहणार का, रात्री किती वाजता येणार. पगाराची स्लिप आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर सगळ्यात शेवटी. परगावाहून आलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी आठ घरांतून नकार ऐकते, ही या शहरांना लाज आणणारी गोष्ट आहे. पैशाच्या बाजूनं पाहिलं तरी ते नुकसानच, कारण वेळेवर भाडं देण्याचा आडनावाशी काडीचा संबंध नसतो. यात सोसायट्यांची भर पडते ती वेगळी. १ ऑगस्ट २००१च्या सरकारी आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तरी भाडेकरूच्या नावाखाली वेगळी वर्गणी मागणाऱ्या कमिट्या आहेत. तो आदेश छापून हातात ठेवावा.

घर ठेवायचं की विकायचं, हा प्रश्न २३ जुलै २०२४पासून नव्यानं उभा राहिला. त्या दिवसापासून दीर्घकालीन नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्के कर लागतो. मात्र आधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीनं २० टक्के लावून, जे कमी भरेल ते निवडता येतं. साठीच्या पुढच्या मालकांना माझं सांगणं असं की, मुलं परदेशात स्थिरावली असतील आणि गळका नळ बघायला तुम्हालाच तीन जिने चढावे लागत असतील, तर दोन्ही आकडे सीएकडून काढून घ्या आणि भावनेत न अडकता ठरवा.

आणि जे घर ठेवणार आहेत त्यांनी राहणारा आत येईल त्याच दिवशी त्याच्यासोबत घरभर फिरून फोटो काढावेत. नळ, गीझर, पंखे, किचन ओट्याच्या कडा, बाथरूमच्या फरशा. यादी करून दोघांनी सही करावी. बाहेर पडण्याच्या दिवशी तीच यादी घेऊन पुन्हा फिरावं. तीन वर्षं राहिलेल्या कुटुंबाच्या भिंती मळणारच, तो वापर आहे, मोडतोड नव्हे. त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापू नयेत. पुढचं घर मिळवण्यासाठी त्या कुटुंबाला ती रक्कम त्याच दिवशी हवी असते, म्हणून किल्ली हातात घेतानाच डिपॉझिट परत करा.